सॉल्ट ॲनालिसिस: क्रम पाठ असूनही गट का चुकतो, आणि आयनिक समीकरण पाठ न करता कसं लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावीच्या रसायनशास्त्र प्रॅक्टिकलला अज्ञात क्षार ओळखताना गटांचा (ठरावीक अभिकारकांनी धन आयन टप्प्याटप्प्याने वेगळे काढण्याचा) क्रम तोंडपाठ आहे, तरी तिसऱ्या गटात पांढरा जेलीसारखा अवक्षेप येतो, उत्तरात ॲल्युमिनियम लिहिलं जातं आणि क्षार निघतो झिंकचा. हे कशामुळे? आणि तोंडी परीक्षेत विचारतात ती निव्वळ आयनिक समीकरणं पाठ न करता लिहिता येतात का?

आधी अवक्षेपाचं बघू. ॲल्युमिनियम म्हणून लिहिलेला तो अवक्षेप बहुतेक वेळा झिंक हायड्रॉक्साइडचा असतो. तो येतो, कारण अमोनियम क्लोराइड चिमटीभरच टाकलेलं असतं आणि अमोनियम हायड्रॉक्साइडचे तीन-चार थेंब पडून पांढरं काही दिसलं की हात थांबतो. या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या की झिंक हमखास तिसऱ्या गटात उतरतो.

अमोनियम क्लोराइड इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांत बघा. अमोनिया हा दुर्बल आम्लारी. त्याच्या ०.१ मोलर द्रावणात हायड्रॉक्साइड आयनांची संहती साधारण ०.००१३ मोलर असते. त्यात अमोनियम क्लोराइड विरघळवून अमोनियम आयन १ मोलर केले, तर समआयन परिणामामुळे (तोच आयन आधीच भरपूर असला की आयन सुटणं मागे ढकललं जातं) हायड्रॉक्साइड ०.०००००१८ मोलरवर येतं. म्हणजे सातशेपट घट. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार (आयनांच्या संहतींचा गुणाकार ज्याच्या पुढे गेला की अवक्षेप पडतो ती मर्यादा) दहाच्या उणे ११ व्या घाताच्या आसपास आहे. ०.१ मोलर मॅग्नेशियम घेतलं, तर नुसत्या अमोनियाने आयनांचा गुणाकार या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो आणि अवक्षेप पडतो. अमोनियम क्लोराइड असलं की तो मर्यादेच्या आतच राहतो आणि नळी स्वच्छ दिसते. ॲल्युमिनियमला या घटीने काही फरक पडत नाही. त्याच्या हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार दहाच्या उणे ३३ व्या घाताच्या घरात आहे, फेरिकचा त्याहून खाली. इतकं थोडं हायड्रॉक्साइडही त्यांना पुरतं. तिसरा गट या फरकावरच उभा आहे.

झिंकची गोष्ट थोडी वेगळी. हायड्रॉक्साइड कमी केल्याने तो एकट्याने वाचत नाही, त्याला मोकळा अमोनियाही लागतो. अमोनिया पुरेसा झाला की झिंक टेट्राअमाइन हा विद्राव्य संकुल आयन तयार होतो आणि झिंक द्रावणातच राहतो. म्हणून दोन-तीन थेंबांवर थांबू नका. करायचं ते असं: २ ते ३ मिलिलीटर मूळ द्रावण (क्षार विरघळवून केलेलं) घ्या, त्यात घन अमोनियम क्लोराइड सुमारे अर्धा ग्रॅम टाका, हलवून पूर्ण विरघळू द्या. मग अमोनियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, प्रत्येक वेळी हलवत घाला. हलवल्यानंतरही नळीच्या तोंडाशी अमोनियाचा स्पष्ट वास राहिला, की पुरे. मूळ द्रावण आम्लात केलेलं असेल तर पहिले कित्येक थेंब आम्ल उदासीन करण्यातच जातात, त्यामुळे थेंब मोजण्यात अर्थ नाही, वासावर जा.

एवढं करूनही पांढरा अवक्षेप आला आणि मनात शंका राहिली, तर थोडा अवक्षेप दुसऱ्या नळीत घेऊन त्यात जास्तीचा अमोनिया घाला. झिंकचा विरघळतो, ॲल्युमिनियमचा राहतो. इथे बरेच जण सोडियम हायड्रॉक्साइड उचलतात. त्याचा उपयोग नाही, कारण दोन्ही हायड्रॉक्साइडं उभयधर्मी (आम्ल आणि आम्लारी दोन्हींत विरघळणारी) आहेत आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या आधिक्यात दोन्ही विरघळतात. 'विरघळला' हे निरीक्षण खरंच असतं, पण त्यातून निवाडा होत नाही. त्याच विरघळलेल्या द्रावणात भरपूर अमोनियम क्लोराइड घालून उकळलं, तर मात्र ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड पुन्हा खाली येतं आणि झिंक येत नाही. ही तपासणी उपयोगाची आहे.

ॲल्युमिनियमची लेक टेस्ट फसते ती जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: निळा लिटमस जास्त. अवक्षेप विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचा, निळ्या लिटमसचे दोनच थेंब टाकायचे (द्रावण लाल होईल), आणि अमोनियम हायड्रॉक्साइड नळीच्या कडेने, न हलवता सोडायचं. रंगहीन द्रावणात निळा गोळा तरंगताना दिसला पाहिजे. लिटमस सहा-सात थेंब पडला तर अख्खी नळीच निळी होते आणि त्यात गोळा शोधावा लागतो. ते निरीक्षण 'होकारार्थी' म्हणून लिहू नका. परीक्षक नळी उजेडाकडे धरून बघतात.

तिसऱ्या गटाचा दुसरा उमेदवार लोह. अवक्षेप विटकरी तपकिरी हवा. मळकट हिरवा आला तर लोह फेरस रूपातच राहिलंय आणि संहत नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब घालून उकळण्याची पायरी गाळली गेली आहे. फेरस हायड्रॉक्साइड अमोनियम क्लोराइडच्या उपस्थितीत पूर्ण उतरत नाही, अर्धं लोह पुढच्या गटात जातं आणि तिथे काळा अवक्षेप देऊन निकेल-कोबाल्टचा भास करतं. उलट बाजूने, मँगनीजचं अमोनियायुक्त द्रावण हवेत तसंच ठेवलं तर तेही तपकिरी होतं आणि लोहासारखं दिसतं. अवक्षेप विरल आम्लात विरघळवून पोटॅशियम थायोसायनेट घाला. रक्तासारखा लाल रंग आला तरच फेरिक.

आता एक पायरी मागे, दुसऱ्या गटाकडे. तिथली चूक इतकी उघड दिसत नाही, पण तिचाही उगम समआयनातच आहे. हायड्रोजन सल्फाइड हे फार दुर्बल आम्ल. द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल असलं की सल्फाइड आयन अत्यंत कमी उरतात, आणि तेवढ्यातही ज्यांचे सल्फाइड अवक्षेपित होतात ते लेड, कॉपर यांच्यासारखे आयन दुसऱ्या गटात येतात. आम्ल सुमारे ०.३ मोलर असावं लागतं. मूळ द्रावण पाण्यात असेल तर २ मिलिलीटरला विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे सात-आठ थेंब पुरतात. पण मूळ द्रावण संहत आम्लात गरम करून बनवलं असेल, तर ते चार-पाच पट पाणी घालून विरल केल्याशिवाय वायू सोडू नका. आम्ल फार असलं तर लेड आणि कॅडमियम गप्प बसतात, आणि लेड कधी लालसर रंगाचा अवक्षेप देतं. तो लेड सल्फोक्लोराइड. पाणी घातलं की काळा पडतो. उलट आम्ल घालायचं विसरलं तर झिंक सल्फाइड पांढरा दिसायला लागतो, आणि दुसऱ्या गटात पांढरा रंग तर कुठेच बसत नाही.

दुसऱ्या गटात दुधाळ, पिवळसर गढूळपणा आला तर लगेच अवक्षेप म्हणू नका. तो बहुधा गंधक असतो. द्रावणात फेरिक आयन किंवा नायट्रिक आम्ल असेल तर ते हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करतात. गंधकाचा गढूळपणा गाळणीतून खाली उतरतो, सल्फाइडचा अवक्षेप कागदावर राहतो. म्हणूनच मूळ द्रावण शक्यतो नायट्रिक आम्लात करत नाहीत. आणि तिसऱ्या गटाकडे जाण्याआधी द्रावण उकळून सगळा वायू घालवावा लागतो. लेड ॲसिटेटचा ओला कागद वाफेवर धरा. तो काळा होत असेल तर अजून उकळा.

पहिल्या गटाबद्दल एवढंच: लेड क्लोराइड गरम पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, १०० मिलिलीटर उकळत्या पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम, तर थंड पाण्यात १ ग्रॅमच्या आसपास. गरम द्रावणात तपासलं तर पहिल्या गटात लेड दिसणारच नाही. थंड करा. पोटॅशियम आयोडाइडने येणारा पिवळा अवक्षेप गरम केल्यावर विरघळून थंड होताना सोनेरी चकाक्या देतो, ही खात्रीची खूण. मूळ द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून बनवलं असेल तर पहिला गट तपासायचा प्रश्नच उरत नाही, आणि तसं उत्तरपत्रिकेत लिहायचं असतं.

अमोनियम आयन हा शून्य गट. तो मूळ क्षारावरच तपासायचा, कारण पुढे तुम्ही स्वतःच अमोनियम क्षार ओतत असता. पाचव्या गटात बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम याच क्रमाने तपासा. आधी अमोनियम ऑक्झॅलेट घातलं तर तिन्ही पांढरे अवक्षेप देतात आणि उत्तर सरसकट कॅल्शियम निघतं. या गटाचा कार्बोनेट अवक्षेप ॲसिटिक आम्लातच विरघळवायचा, कारण त्या सौम्य आम्लात क्रोमेट आयन जरा कमी होतात आणि पोटॅशियम क्रोमेटला फक्त बेरियम साद देतं. सहाव्या गटात मॅग्नेशियमचा स्फटिकी अवक्षेप हळू येतो. काचकांडीने नळीची आतली बाजू घासा आणि पाच मिनिटं थांबा.

ॲसिडिक रॅडिकलमध्ये (क्षारातला ऋण आयन ओळखताना) गुण जातात ते सोडियम कार्बोनेट अर्कावर. एक भाग क्षार, तीन भाग सोडियम कार्बोनेट, पाणी घालून दहा मिनिटं उकळायचं, गाळायचं. त्या गाळलेल्या द्रावणात कार्बोनेट भरपूर असतं, हे विसरलं जातं. तसंच सिल्व्हर नायट्रेट घातलं तर सिल्व्हर कार्बोनेटचा पिवळसर पांढरा अवक्षेप येतो आणि तो ब्रोमाइड वाटतो. म्हणून आधी विरल नायट्रिक आम्ल, फसफस पूर्ण थांबेपर्यंत, आणि वर दोन थेंब. इथे चुकून हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर तुम्हीच क्लोराइड ओतलंत. कुठलाही क्षार क्लोराइडच निघेल. सल्फेटसाठी मात्र हायड्रोक्लोरिक आम्ल चालतं. लेडचा क्षार असेल तर तिथेही नायट्रिक आम्ल आणि बेरियम नायट्रेट वापरा, नाहीतर लेड क्लोराइड मधे येईल.

नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं. नळाच्या पाण्याने धुतलेली नळी ऊर्ध्वपातित पाण्याने विसळली नाही, तर सिल्व्हर नायट्रेटने हलकं पांढरं धुकं येतंच. खरा क्लोराइडचा अवक्षेप दह्यासारखा घट्ट, अमोनियात पूर्ण विरघळणारा. ब्रोमाइडचा फिकट पिवळा, थोडाच विरघळणारा. आयोडाइडचा पिवळा, अजिबात न विरघळणारा.

तपकिरी वायूचा गोंधळही नेहमीचाच. संहत सल्फ्युरिक आम्लाने नायट्रेट आणि ब्रोमाइड दोन्ही तपकिरी धूर देतात. तांब्याचा कीस टाकून गरम केल्यावर धूर दाट होत असेल तर नायट्रेट. कीस न टाकताच लालसर तपकिरी वाफ जोरात येत असेल आणि ओला स्टार्चचा कागद पिवळा होत असेल तर ब्रोमाइड. नायट्रेटची खात्री करणाऱ्या तपकिरी वलयासाठी फेरस सल्फेट त्याच वेळी बनवलेलं हवं. बाटलीतलं पिवळसर पडलेलं द्रावण फेरिक झालेलं असतं आणि वलय येत नाही. संहत सल्फ्युरिक आम्ल नळी तिरपी धरून कडेने सोडा. वरून टाकलं तर थर मिसळतात आणि उष्णतेने वलय मोडतं.

आता समीकरणांकडे. खाली आयनांची नावं लिहिली आहेत; उत्तरपत्रिकेत चिन्हं, भार आणि घन, द्रव, वायू, जलीय अशा अवस्था लिहायच्या. पद्धत मात्र हीच.

प्रत्येक पदार्थासाठी एकच प्रश्न विचारा: नळीत हा प्रत्यक्षात कोणत्या रूपात आहे? विद्राव्य क्षार आणि प्रबल आम्ल-आम्लारी आयनांत तोडा. घन अवक्षेप, वायू, पाणी आणि दुर्बल आम्ल-आम्लारी अख्खे ठेवा. हायड्रोजन सल्फाइड, ॲसिटिक आम्ल आणि अमोनिया हे तिघे अख्खेच राहतात, आणि सॉल्ट ॲनालिसिसमधल्या निम्म्या चुका या तिघांना तोडल्यामुळे होतात. मग दोन्ही बाजूंना जसेच्या तसे असलेले आयन (बघे आयन) काढा, अणू जुळवा, आणि शेवटी भार मोजा.

कॉपरचं बघा: १ कॉपर आयन + १ हायड्रोजन सल्फाइड → १ कॉपर सल्फाइड + २ हायड्रोजन आयन. डावीकडे भार २ धन, उजवीकडे २ धन. इथे हायड्रोजन सल्फाइडऐवजी सल्फाइड आयन लिहिला तरी अणू आणि भार दोन्ही जुळतात, पण आम्लयुक्त द्रावणात सल्फाइड आयन जवळजवळ नसतातच, आणि दुसऱ्या गटाचं सगळं कारण तेच आहे. त्या आयनाने समीकरण लिहून परीक्षकाला 'आम्ल का घातलं?' हे सांगायला गेलात तर स्वतःच्याच उत्तराला छेद देता.

ॲल्युमिनियम: १ ॲल्युमिनियम आयन + ३ अमोनिया + ३ पाणी → १ ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड + ३ अमोनियम आयन. भार दोन्हीकडे ३ धन. झिंकचं विरघळणं: १ झिंक हायड्रॉक्साइड + ४ अमोनिया → १ झिंक टेट्राअमाइन आयन (२ धन) + २ हायड्रॉक्साइड आयन. भार दोन्हीकडे शून्य. या समीकरणाकडे नीट बघितलं तर वरचा सगळा मुद्दा त्यात दिसतो. उजवीकडे हायड्रॉक्साइड आहे, म्हणजे ते कमी ठेवलं की झिंक विरघळायला सोपं जातं. अमोनियम क्लोराइड तेच करतं.

भार मोजणं ही औपचारिकता समजू नका. तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकली आणि कोणी लिहिलं: १ तांबं + १ सिल्व्हर आयन → १ कॉपर आयन + १ चांदी. अणू जुळले. पण डावीकडे भार १ धन, उजवीकडे २ धन. दोन सिल्व्हर आयन हवेत, म्हणजे दोन चांदी. अणू मोजून थांबणाऱ्याला ही चूक दिसतच नाही.

ऑक्सिडीकरण असलेल्या समीकरणांत इलेक्ट्रॉन आधी जुळवा. तपकिरी वलयात फेरसचं फेरिक होताना १ इलेक्ट्रॉन जातो, आणि नायट्रेटचा नायट्रोजन ५ वरून २ वर येताना ३ इलेक्ट्रॉन घेतो. म्हणून ३ फेरस, १ नायट्रेट. डावीकडे भार ६ उणे १, म्हणजे ५ धन. उजवीकडे ३ फेरिकचे ९ धन. कमी पडलेले ४ हायड्रोजन आयनांनी भरा, द्रावण आम्लच आहे. त्या चार हायड्रोजनांची दोन पाणी होतात आणि नायट्रेटचे तीनही ऑक्सिजन हिशोबात बसतात, दोन पाण्यात आणि एक नायट्रिक ऑक्साइडमध्ये. समीकरण तयार: ३ फेरस + १ नायट्रेट + ४ हायड्रोजन आयन → ३ फेरिक + १ नायट्रिक ऑक्साइड + २ पाणी. तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड उरलेल्या फेरसला चिकटतो, ते तपकिरी वलय. गंमत म्हणजे तिसऱ्या गटाआधी नायट्रिक आम्ल घालून उकळताना लोहाचं जे होतं, त्याचंही समीकरण हेच लिहितात. वर आलेला गंधकाचा गढूळपणा: २ फेरिक + १ हायड्रोजन सल्फाइड → २ फेरस + १ गंधक + २ हायड्रोजन आयन, भार दोन्हीकडे ६ धन.

कार्बोनेटच्या समीकरणात क्षार घन आहे की द्रावणात, हे बघा. सोडियम कार्बोनेटचं द्रावण असेल तर कार्बोनेट आयन + २ हायड्रोजन आयन → पाणी + कार्बन डायऑक्साइड. कॅल्शियम कार्बोनेटची पूड असेल तर तो अख्खा घन लिहायचा आणि उजवीकडे कॅल्शियम आयन दाखवायचा. पाचव्या गटात तोच ॲसिटिक आम्लात विरघळवताना आम्लही अख्खं: १ कॅल्शियम कार्बोनेट + २ ॲसिटिक आम्ल → १ कॅल्शियम आयन + २ ॲसिटेट आयन + १ पाणी + १ कार्बन डायऑक्साइड. इथे काढून टाकण्यासारखा एकही आयन नाही. तो शोधत बसून काहीतरी खोडलं जातं, तसं करू नका. काही समीकरणांत बघे आयन नसतातच.